मेजर, सल्लागार आलाय, चहा टाका

हवालदार म्हणून रिटायर झालात, तरी साताऱ्याकडचं गाव तुम्हाला 'मेजर'च म्हणतं. पेन्शनची कामं करून देतो म्हणत दारात आलेला सल्लागार त्यापुढे जाऊन 'मेजरसाहेब, जय हिंद' ठोकेल. एवढा मान देणाऱ्याकडे ओळखपत्र मागू नका. डोक्यावरची चट्ट्यापट्ट्याची टोपी बघा, पुरे. तसली टोपी बाजारात कुणालाही मिळते, अशी शंका काकींना येईल. त्यांना चहा टाकायला पाठवा.

मग काळी ट्रंक उघडा. डांबरगोळ्यांच्या वासासकट डिस्चार्ज बुक, मेडिकलचे कागद आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूम, त्याच्या पिशवीत घाला. झेरॉक्स देऊन अपमान करू नका, अस्सलच द्या. कोरा चेक मागितला तर सही ठोका.

वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा नि सारखी सेवा तर पेन्शनही सारखी, 1 जुलै 2014 पासून लागू झाली. पुढचे फेरआढावे 2019 आणि 2024 चे. वाढलेल्या पेन्शनचा फरक बहुतेकांच्या खात्यावर अर्ज न करताच पडतो. एकरकमी पैसे घेऊन विकलेली पेन्शनसुद्धा 15 वर्षांनी पूर्ववत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. हे कोंबडं वेगळं, ते उजाडल्याचं बिल लावतं. फरकातले 20 टक्के मोजा, वर पेढेही द्या.

हयातीचा दाखला आता फोनपुढे चेहरा धरून घरबसल्या निघतो. त्याचे त्यानं पाचशे घेतले तर घासाघीस नको. तुम्ही जिवंत आहात, हे त्याच्याकडून कळलं, हे काय थोडं झालं?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चुकूनही फिरकू नका. तिथलं मार्गदर्शन फुकट, आणि फुकटच्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही. खरं तर गोम दुसरीकडे आहे. 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर आणि आधारवर नावातलं एक अक्षर जुळलं नाही की काम अडतं. त्यात स्क्रीन बारीक, बोटं जाड, आणि पोरगा पुण्याला. सल्लागार नेमका याच रानात पिकतो.

राहता राहिला ओटीपी. कुपवाड्यात रात्रीच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द चुकला, म्हणून सुभेदारसाहेबांना तुम्ही बर्फात उभं ठेवलं होतं. पारावर ही गोष्ट आम्ही कितीदा ऐकली! सल्लागाराला मात्र ताटकळत ठेवू नका. फोन आला की सगळे आकडे एका दमात सांगा. त्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर खुशाल पुन्हा विचारा. तो चिडणार नाही. तुमचे कान अधू असल्याचे कागद त्यानंच तर नेलेत.