खडे डबीत, पिशवी कुठे?
खड्यांसाठी पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, काढलं की सर्जननं ते उघडून बघावं, कॅन्सरचा संशय आला तरच लॅबला पाठवावं, असं एका लेखात वाचलं. नेदरलँड्ससारख्या देशात चालत असेल, तिकडे पित्ताशयाचा कॅन्सर मुळातच कमी. आपल्याकडे गंगेच्या पट्ट्यात तो भरपूर, त्यातही बायकांना जास्त. आणि नागपुरात पेशंट उत्तरेकडून, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटपासून येतात.

इथेच नागपुरात, धंतोलीत आमच्या वहिनीचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खडे डबीत घालून दिले, भाऊ आल्यागेल्याला दाखवत बसला. पिशवीचं काय झालं, कोणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि मी लॅब टेक्निशियन! लाज वाटते बाप्पा.

जुन्या सुजेनं जाड झालेल्या भिंतीत सुरुवातीचा कॅन्सर डोळ्यांना दिसेलच असं नाही. अगदी आतल्या थरापुरता असेल तर पिशवी काढली तेवढं पुरतं. भिंतीतल्या स्नायूत शिरला असेल तर यकृताचा थोडा भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढायला बहुधा दुसरं ऑपरेशन लागतं. हे कळणार मायक्रोस्कोपखालीच. ऑपरेशनच्या बिलापुढे या तपासणीचा खर्च तो किती? त्यातून काढलेली पिशवी फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) बरणीत घालून ती नातेवाइकांच्याच हाती देतात, 'नेऊन द्या' म्हणून. अशी बरणी घरी फ्रिजवर पडून राहिलेलीही मी पाहिली आहे.