उंदीर घरात टिकून राहावेत म्हणून काय काय करावं

ज्यांच्या घरात उंदीर नाहीत त्यांच्याशी मला काही बोलायचं नाही, बिचारे रात्री नुसते झोपतात. हे सगळं तुमच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांना मध्यरात्री ओट्याखालून खुडबुड ऐकू येते आणि जे कुशीवर वळत "भांडं सरकलं असेल" असं स्वतःलाच सांगतात. भांडं आपोआप सरकत नाही हे तुम्हालाही माहितीये. पण उठून लाइट लावला की काहीतरी करावं लागणार, आणि काही न करणं हेच तर उंदीर टिकवायचं पहिलं तंत्र, ते जमलं की निम्मं काम झालंच समजा.

दुसरं, "एकच आहे हो, तोही एवढुसा" हे वाक्य पाठ करून ठेवा. कुणी विचारलं की लगेच फेकायचं. हिशोबाच्या भानगडीत पडूच नका, कारण हिशोब असाय की मादी साधारण २० दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात, ती पिल्लं दीडेक महिन्यात स्वतःच्या संसाराला लागतात आणि त्यांच्या मातोश्री बाळंत झाल्या झाल्या एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकतात. म्हणजे तुम्ही "या रविवारी माळा काढूच" असं म्हणत चार रविवार घालवलेत तर तेवढ्यात त्या एवढुश्याचं कुटुंब झालेलं असतं. माळा तसाच ठेवा. जुने पेपर, फाटक्या गाद्या, कधीतरी लागतील म्हणून जपलेले खोके, बाळंतिणीची सोय यापेक्षा चांगली कुठे होणार?

खाण्यापिण्याची मात्र आबाळ करू नका. तसा खर्च काहीच नाही, १५-२० ग्रॅमचा जीव तो, दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास खातो. पण एका जागी बसून जेवायची पद्धत नाही त्यांच्यात, इथे जरा तिथे जरा असं रात्रभर पंधरा-वीस वेळा चाखत फिरतात. म्हणून पिठाची पिशवी रबरबँड लावून ठेवायची, बिस्किटाचा पुडा नुसता दुमडून, आणि कुत्र्याचा वाडगा रात्रभर भरलेला. घट्ट झाकणाचे काचेचे नाहीतर स्टीलचे डबे आणणारी माणसं असतात, त्यांचा नाद करू नका. पाण्याची काळजी नको, त्यांना ते फार लागत नाही.

आता साखरेच्या डब्याच्या मागे जरा बघा. किंवा नका बघू. बघितलंतच तर तांदळाच्या दाण्याएवढे, टोकाला निमुळते काळे दाणे दिसतील. चकचकीत आणि मऊ म्हणजे कालचा माल, करडे आणि चुरा होणारे म्हणजे जुना स्टॉक. एक उंदीर दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो, शिवाय जाईल तिथे थेंब थेंब मुतत जातो, तो हिशोब वेगळा. साफ करताना झाडू घ्यायचा आणि खसाखसा झाडायचं, चांगली धूळ उडाली पाहिजे, नाकातोंडात गेली पाहिजे. काही अतिशहाणे लोक ग्लोव्ह्ज घालतात, खिडक्या उघडतात, एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून त्या लेंड्यांवर शिंपडतात, पाच मिनिटं थांबून ओल्या ओल्याच टिशूने टिपून घेतात, कारण म्हणे धुळीतून रोगजंतू अंगात जातात. घरातला उंदीर साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू पसरवतो हे खरंय, त्याच्या मुतातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होऊ शकतो हेही खरं, आणि एलसीएमव्ही नावाचा एक विषाणू असतो त्यांच्यात, जो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला भारी पडू शकतो. पण तुम्हाला ऑफिसला उशीर होतोय ना, मग झाडा पटकन.

भोकांबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल कारण इथेच लोक भावनेच्या भरात चूक करतात, म्हणजे भोकं बुजवून टाकतात. सिंकखाली जिथून पाइप भिंतीत जातो तिथे प्लंबरने नेहमीप्रमाणे पाइपच्या दुप्पट भोक पाडलेलं असतं, ते तसंच ठेवा. पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे ६ मिलिमीटरची फट लहान उंदराला पुरते, डोकं आत गेलं की बाकीचा उंदीर मागून येतोच. अगदीच राहवत नसेल तर त्यात कापडाचा बोळा नाहीतर थर्माकोल कोंबा, तो कुरतडून ते आत घरट्याला मऊ अंथरूण करतील. फक्त भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावू नका, ती त्यांना चावता येत नाही आणि मग दोघांचेही संबंध बिघडतात.

तरी घरच्यांच्या समाधानासाठी काहीतरी केल्यासारखं दाखवावं लागतंच. त्यासाठी चाप बेस्ट. हा स्प्रिंगचा चाप विल्यम हूकर नावाच्या माणसाने १८९४ साली अमेरिकेत पेटंट केला, अजूनही साधारण तसाच आहे आणि नीट लावला तर चालतो, म्हणून नीट लावायचा नाही. एकच आणायचा. खोलीच्या मधोमध ठेवायचा. उंदीर मिशा भिंतीला लावत कडेकडेने पळतो, त्यामुळे चाप भिंतीला काटकोनात, आमिष भिंतीकडे करून आणि असे पाच-सहा लावले तर सापडायची भीती असते. आमिष म्हणून कार्टूनमध्ये बघितलंय तसा चीजचा मोठा तुकडा नुसता ठेवून द्या, अलगद उचलून नेता येतो. पीनट बटर चिकटतं, ते चाटत बसावं लागतं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चिकट पॅडचं म्हणाल तर तो उंदरासाठी कमी आणि कुटुंबासाठी जास्त असतो. पहाटे उंदीर त्यावर जिवंत चिकटून ची ची करत असतो, घरातले सगळे दारात गोळा होतात, "तू उचल", "मी का, आणला कोणी?" आणि यात अर्धा तास जातो. तेवढ्यात ओट्यामागचे बाकीचे नाश्ता उरकतात.

तो प्लगला लावायचा आवाजाचा डबा जरूर घ्या. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो म्हणे, म्हणजे चालू आहे का बंद हेही तुम्हाला कळणार नाही, काय सोय आहे! २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० पेक्षा जास्त कंपन्यांना पत्र पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. आवाज कपाटाच्या पलीकडे जात नाही आणि चार दिवसांत उंदरांना सवय होते. बरं, नर उंदीर मादीला पटवायला स्वतःच असल्या न ऐकू येणाऱ्या आवाजात गातात, तुम्ही फक्त बॅकग्राउंड म्युझिक लावून दिलंत.

औषध टाकायचं तर कुठेही टाका, फ्रिजमागे, गादीखाली, लहान मूल रांगतं तिथे. रक्त पातळ करणारी औषधं असतात बरीचशी, त्यातलं वॉरफरिन तर माणसांनाही डॉक्टर मोजून मापून देतात. उंदीर खाऊन लगेच मरत नाही, तीन-चार दिवस घेतो आणि मग नेमका फॉल्स सीलिंगच्या आत जाऊन मरतो. पुढचे काही दिवस घरातला प्रत्येक जण दुसऱ्याचे मोजे हुंगत फिरतो. आणि मांजर पाळली असेल तर तोच विषारी उंदीर ती खाते, म्हणजे एका पाकिटात दोन कामं.

राहता राहिले शेजारी. त्यांना अजिबात सांगायचं नाही, अब्रूचा प्रश्न असतो. पाइप एकच, डक्ट एकच, भिंत एकच, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्याकडे जेवलेला उंदीर रात्री तुमच्याकडे झोपायला येतो, पण हे दोन्हीकडे कुणी बोलायचं नाही. एकत्र बसून बिल्डिंगची भोकं एकदाच बुजवली तर खेळच खलास होईल. त्यापेक्षा लिफ्टमध्ये भेटलात की विचारायचं, "काय वहिनी, तुमच्याकडे उंदीर वगैरे?" त्या म्हणतात, "छे हो, आमच्याकडे एकही नाही, तुमच्याकडे?" तुम्ही म्हणायचं, "छे छे." आणि हातातली पिशवी जरा मागे घ्यायची, कारण त्यांच्या पिशवीतही चिकट पॅडच आहे, फक्त त्यांचा मोठ्या साइजचा.