प्रोपेनची टंचाई हा बनाव नव्हता

थंडी पडू लागली की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर घर गरम करायच्या प्रोपेन गॅसबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा आशय असा: "अमेरिकेत प्रोपेन उदंड आहे. 2014 ची टंचाई कंपन्यांनीच घडवून आणली. माल जहाजांत भरून परदेशी पाठवला आणि इथल्या गिऱ्हाइकाला लुटलं. निर्यात बंद केली की भाव उतरतील. तोवर घाबरून टाकी भरू नका, जानेवारीत भाव पडले की भरा." शहरात पाइपच्या गॅसवर राहणाऱ्याने हे पुढे पाठवलं तर त्याचं काही बिघडत नाही. पण विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या गावाकडे ज्यांच्या अंगणात या गॅसची टाकी आहे, त्यांनी हे मनावर घेतलं तर ऐन थंडीत घर गारठेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"माल उदंड, मग टंचाई कुठून आली?"

माल होता, पण तो टेक्सासमध्ये होता. मॉन्ट बेल्व्यू इथे जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत प्रचंड साठा असतो. उत्तरेकडच्या गावांची भिस्त मात्र कॅन्ससमधल्या कॉनवेच्या साठ्यावर आणि कॅनडातून येणाऱ्या मालावर. शिवाय प्रोपेन हे नैसर्गिक वायू आणि कच्चं तेल शुद्ध करताना निघणारं जोडउत्पादन आहे. थंडी वाढली म्हणून कुणी ते जास्त काढू शकत नाही. हिवाळा काढायचा तो उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या साठ्यावर.

आणि 2013 मध्ये हा साठा थंडीआधीच उपसला गेला. कारण मका. त्या वर्षी पीक विक्रमी आलं, पण कापणी उशिरा झाली आणि दाणा ओला निघाला. ओला मका कोठारात ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून शेतकरी तो गरम हवेच्या ड्रायरमध्ये वाळवतात, आणि हे ड्रायर बहुतेक प्रोपेनवर चालतात. सगळ्यांची घाई एकाच वेळी. 1 नोव्हेंबरला संपलेल्या एका आठवड्यात मिडवेस्टचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर राज्यांचा, साठा 20 लाख बॅरलहून जास्त घटला. घरांची शेगडी अजून नीट पेटलीही नव्हती.

त्यावर आणखी एक घाव बसला. कॅनडातल्या अल्बर्टाहून प्रोपेन आणणारी कोचिन पाइपलाइन मिनेसोटाची सुमारे 40 टक्के गरज भागवत असे. ती नेमकी त्याच सुमारास कामासाठी काही आठवडे बंद राहिली. पुढे 2014 मध्ये तर तिचा प्रवाहच उलटा करण्यात आला. मग जानेवारीत ध्रुवाकडची थंडी खाली उतरली; 6 तारखेला शिकागोत पारा उणे 27 अंश सेल्सिअसजवळ गेला. कॉनवेचा भाव टेक्सासच्या दुपटीच्याही पलीकडे पोचला. माल दडवलेला असता तर दोन्हीकडे भाव सारखेच चढले असते. इतकी तफावत पडली ती माल उत्तरेला न्यायची वाट अपुरी होती म्हणून.

"निर्यातच सगळ्याचं मूळ आहे."

यात काही अंश खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. निर्यातीमुळे टेक्सासचा भाव जगाच्या भावाशी बांधला गेला आहे, आणि बाहेर मागणी वाढली की इथल्या बिलाला त्याची झळ लागते. पण निर्यात हे एकमेव कारण असतं तर तेव्हापासून प्रत्येक हिवाळा 2014 सारखा गेला असता, कारण निर्यात नंतर कित्येक पट वाढली. तसं झालं नाही. 2019 मध्ये मिडवेस्टला पुन्हा ओढाताण झाली ती नोव्हेंबरमध्ये, आणि तेव्हाही ओला मका होताच.

यंदाच्या मेसेजमध्ये भारताचंही नाव जोडलेलं दिसतं. भारतीय सरकारी तेल कंपन्यांनी 2026 साठी अमेरिकेकडून सुमारे 22 लाख टन एलपीजी (प्रोपेन-ब्युटेनचा स्वयंपाकाचा गॅस) घेण्याचा करार केला, हे खरं. पण अमेरिकेच्या एकूण निर्यातीत हा वाटा लहान आहे. पुण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरामुळे आयोवातलं घर गारठतं असं म्हणणं चुकीचं आहे.

"निर्यात बंद करा."

जहाज टेक्सासमधल्या ह्यूस्टनला थांबवलं तरी तो माल मिनेसोटाला आपोआप पोचत नाही. 7 फेब्रुवारी 2014 ला केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने आपला आणीबाणीचा अधिकार पहिल्यांदाच वापरला, आणि टेक्सासहून उत्तरेकडे जाणाऱ्या पाइपलाइनमध्ये प्रोपेनला अग्रक्रम द्यायला लावला. टँकरचालकांच्या कामाच्या तासांवरची मर्यादाही सैल केली गेली. उपाय वाटेवर झाला, कारण अडचण तिथे होती.

"डीलरने लुटलं."

जादा भावाच्या तक्रारी झाल्या, आणि जिथे लूट झाली तिथे शिक्षा व्हायलाच हवी. पण गावातला डीलर स्वतःच महाग माल घेत होता, त्याचे टँकर भरायला रांगेत ताटकळत होते, लांबच्या राज्यांत जात होते. मिडवेस्टमध्ये घरपोच गॅलन जानेवारीअखेर चार डॉलरच्या वर गेला. महिन्याभरापूर्वी तो दोनच्या आसपास होता. पाचशे गॅलनची टाकी 80 टक्केच भरतात, म्हणजे चारशे गॅलन. आठशेचं बिल सोळाशेवर गेलं. ज्यांनी उन्हाळ्यात भाव बांधून घेतला होता, त्यांना ही झळ फारशी लागली नाही.

"जानेवारीत भाव पडले की भरा."

या ओळीचा मला सगळ्यात राग येतो. टाकीच्या झाकणाखाली एक छोटी तबकडी असते, तिचा काटा टक्के दाखवतो. काटा 30 वर आला की फोन करायचा, 10 ची वाट बघायची नाही. बर्फाने रस्ता अडला तर टँकर दारापर्यंत येत नाही. टाकी कोरडी पडली तर नुसती भरून चालत नाही, गळती तपासल्याशिवाय गॅस पुन्हा सुरू करत नाहीत. ऑक्टोबरपासून मिडवेस्टच्या साठ्याचा साप्ताहिक सरकारी आकडा बघा, आणि मका ओला निघतोय का ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. बिल झेपत नसेल तर कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सरकारच्या लायहीप (LIHEAP) योजनेत इंधनासाठी मदत मिळते. त्याचा अर्ज टाकीत गॅस शिल्लक असतानाच करा.