बासाहाउन आला की तपास बोंबलला?

मंद्याचा मुद्दा एकच. खून झालाय ना, मग पुरावे गोळा करा, खुनी पकडा. मध्येच बासाहाउन, तो जंगलातला केसाळ बाबा, कशाला आणायचा? ही वाचकाशी सरळसरळ रडी आहे.

विषय होता स्पॅनिश लेखिका दोलोरेस रेदोंदोच्या बास्तान त्रयीचा, म्हणजे तीन रहस्यकादंबऱ्यांचा. पहिलं पुस्तक २०१३ चं. उत्तर स्पेनमधल्या नावाराचं बास्तान खोरं, एलिसोंदो गाव. नदीकाठी पोरींची प्रेतं सापडतात आणि प्रत्येक प्रेतावर चान्चिगोर्री, म्हणजे डुकराच्या चरबीचा तिथला गावठी केक. तपासाला येते इन्स्पेक्टर अमाया सालासार, त्याच गावची, बेकरीवाल्यांच्या घरातली.

"अरे, पण बासाहाउन खुनी नाहीच," श्रद्धा उसळली. "तिथल्या बास्क धनगरांच्या गोष्टींत तो वादळ येण्याआधी आरोळी ठोकून सावध करतो. आपल्या कोकणातला राखणदारच म्हण. गाव त्याचं नाव घेतं, कारण आपल्यातलंच कुणीतरी हे करतंय असं म्हणायची कुणाची छाती होत नाही."

हे मला पटलं. त्या पुस्तकात मला जंगलाची भीती वाटलीच नाही, वाटली ती पिठाची. लहानग्या अमायाला आईच बेकरीत मारायला बघते आणि पिठात पुरते. पोर वाचते, पुढे आत्याकडे वाढते, आणि घरात त्यावर चकार शब्द नाही.

मग सुन्याने इतिहास काढला (तो काढतोच). शेजारच्या सुगारामुर्दी गावच्या चेटकिणींचा खटला, १६१० साली लोग्रोन्यो शहरात सहा जणांना जिवंत जाळलं. त्याच खटल्याच्या तिघा न्यायाधीशांपैकी एक आलोन्सो दे सालासार फ्रिआस. त्याला शंका आली. १६११ मध्ये तो गावोगाव फिरला. अठराशेच्या वर लोकांनी कबुल्या दिल्या, त्यात १,३८४ निव्वळ पोरं! याने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, चेटकाच्या मलमाची मडकी जनावरांवर तपासून पाहिली. सगळं बोगस. "खरा डिटेक्टिव्ह हा," सुन्या म्हणाला, "आणि हिरॉइनचं आडनावही तेच."

मंद्या जरा नरमला, पण हरला नाही. "उलट माझंच खरं ठरतंय. त्या सालासारने भूत बाजूला सारलं म्हणून तपास झाला. ही लेखिका तिसऱ्या भागात इंगुमा आणते, झोपलेल्यांच्या छातीवर बसून श्वास चोरणारा. तान्ही बाळं दगावतायत आणि मी इंगुमा वाचू?"

तिसरा भाग ताणलाय, हे मलाही मान्य. कटातून कट काढत ती फार लांब जाते. श्रद्धाला मात्र तोच भाग सगळ्यात आवडतो. "घरातली म्हातारी इंगुमाचं नाव घेते," ती म्हणाली, "कारण बाळाच्या बापाकडे बोट दाखवणं तिला जमत नाही. तू बापावर लक्ष ठेव ना. पोलीसही तेच करतात."

"मग बापापाशीच थांबायचं होतं," मंद्या म्हणाला.