‘धाक नसेल तर मूल हाताबाहेर जातं’: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातले सहा मुद्दे थोडक्यात असे. मानसशास्त्राने पालकांचे चार प्रकार सांगितलेत आणि त्यांतल्या कडक पालकांचीच मुलं पुढे जातात. पाच वर्षांच्या आत वडिलांचा धाक बसला नाही तर मूल खोटारडं होतं, म्हणून पहिल्या खोट्यालाच फटका द्या. रडणारं बाळ लगेच उचलू नका, सवय लागते. तोंडावर कौतुक करू नका. मोठ्या मुलांचे फोन रोज तपासा. आणि एवढं करूनही मूल बिघडलं, तर आई कुठेतरी कमी पडली असं समजा. शेवटी ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ हा प्रश्न आणि पुढे पाठवायची विनंती.

असे मेसेज मी एरवी पुसून टाकते. हा पुसता आला नाही, कारण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने तो खरा मानला. तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलाने भिंतीवर रेघोट्या मारल्या, ‘कुणी केलं हे?’ म्हटल्यावर ‘मी नाही’ म्हणाला, आणि पहिल्यांदाच आईच्या हातचा मार खाल्ला. रात्री तिचा फोन आला. ‘मावशी, आत्तापासूनच खोटं बोलायला लागलाय गं, पुढे काय होणार?’ मुलावर हात उचलल्याचं दुःख आणि तो वाया जाईल ही भीती, दोन्ही तिच्या आवाजात होतं. ही भीती त्या मेसेजने तिच्या मनात घातली. त्यामुळे क्रम बाजूला ठेवून खोट्याच्या मुद्द्यापासूनच सुरू करते.

‘पहिल्या खोट्याला फटका द्या, मूल पुन्हा खोटं बोलणार नाही.’

आधी हे समजून घ्या की साडेतीन वर्षांचं मूल खोटं बोलतं याचा अर्थ काय. खोटं बोलायला एक गोष्ट कळावी लागते: जे मला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकतं. अगदी लहान मुलाला हे कळत नाही. आपल्याला दिसतं ते आईलाही दिसतंच, असं ते धरून चालतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षात आईचं मन वेगळं आहे हे उमगायला लागतं आणि त्याच सुमारास ‘मी नाही केलं’ सुरू होतं. म्हणजे ही वाढीची खूण आहे. तिकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही, पण तिच्यात गुन्हेगार दिसायला लागला तर आपली नजर चुकतेय.

आता मार देऊन हे थांबतं का ते पाहू. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया तलवार आणि टोरांटो विद्यापीठाचे कँग ली यांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची 84 मुलं त्यात होती. एका शाळेत छडी, चापट, चिमटा हे रोजचंच, पेन्सिल विसरली तरी. दुसऱ्या शाळेत मारायची पद्धत नव्हती, रागावणं आणि समज देणं एवढंच. दोन्हीकडची मुलं साधारण सारख्याच घरांतली.

मुलाला पाठमोरं बसवायचं आणि नुसत्या आवाजावरून खेळणं ओळखायला सांगायचं, असा खेळ होता. एक खेळणं ठेवून मोठं माणूस ‘मागे वळून बघू नकोस हं’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. इथे थांबून विचार करा. रोज मार खाणाऱ्या मुलांचा मोह काही कमी झालेला नव्हता. फरक पडला तो पुढे, ‘पाहिलंस का?’ असं विचारल्यावर. माराच्या शाळेतली मुलं कितीतरी जास्त प्रमाणात ‘नाही’ म्हणाली. त्यावर ‘मग खेळणं कोणतं असेल?’ असा प्रश्न आला. साधं मूल इथे पटकन खरं नाव सांगून मोकळं होतं आणि पकडलं जातं. माराच्या शाळेतली मुलं मात्र हा प्रश्नही सावधपणे निभावून नेत होती.

तीन-चार वर्षांची मुलं होती ही! त्या वयात त्यांना पक्कं खोटं बोलता येत होतं, कारण खऱ्याची किंमत अंगावर वळ उठून चुकवावी लागते हे त्यांना शिकवलं गेलं होतं. शाळा दोनच होत्या आणि कुठलं मूल कुठल्या शाळेत हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं, तेव्हा या एका अभ्यासावर सगळा भार टाकता येत नाही, हे मान्य. पण मेसेजचा दावा नेमका याच्या उलट आहे आणि त्याला आधार शून्य आहे.

मग करायचं काय? ली, तलवार आणि सहकाऱ्यांनीच 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर गोष्टींचा परिणाम तपासला. खोटं बोललं की नाक लांब होतं ती गोष्ट आणि ‘लांडगा आला रे आला’ असं खोटंच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट, या दोन्हींनी खरं बोलणं वाढलं नाही. ज्या गोष्टीत मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि खरं बोलल्याबद्दल वडील त्याला शाबासकी देतात, तिने वाढलं. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खरं बोलल्यावर वाईट होतं असं केल्यावर परिणाम नाहीसा झाला.

मी भाचीला दोन गोष्टी सांगितल्या. उत्तर आपल्याला माहीत असताना ‘कुणी केलं?’ असं विचारायचंच नाही. तो प्रश्न म्हणजे मुलाला खोटं बोलायचं आमंत्रण. ‘भिंतीवर रेघोट्या मारल्यास ना, चल, दोघं मिळून पुसू. चित्र काढायला कागद आहे’ एवढं पुरतं. आणि कधी आपणहून ‘मी सांडलं’ म्हणाला, तर सांडल्याबद्दल बोलण्याआधी सांगितल्याबद्दल बरं म्हणायचं.

‘मारल्याशिवाय वळण लागत नाही.’

मेसेजभर ही एकच समजूत आहे. यावर पन्नास वर्षांचं काम उपलब्ध आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून 1,60,927 मुलं होती. त्यांनी बेदम मारहाण मुद्दाम बाजूला ठेवली आणि ज्याला आपण ‘दोन धपाटे’ म्हणतो तेवढंच घेतलं. धपाट्यांनी वागणूक सुधारते असं कुठे दिसलं नाही. आक्रमकपणा, आईबापांशी बिघडलेलं नातं, मनाच्या तक्रारी यांच्याशी मात्र संबंध दिसला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की दांडगी मुलंच जास्त मार खातात, मग कशामुळे काय झालं हे कसं ठरवणार? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच त्याच मुलांच्या मागे काही वर्षं राहून केलेले अभ्यास महत्त्वाचे. अशा 69 अभ्यासांचा आढावा 2021 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निष्कर्ष तोच: शारीरिक शिक्षेनंतर वागणुकीच्या तक्रारी वाढतात, सुधारणा आढळत नाही.

एक अर्धसत्य मान्य करावं लागेल. फटका दिला की मूल त्या क्षणी गप्प होतं. गर्शॉफ यांच्याच 2002 मधल्या आढाव्यात तात्काळ ऐकणं हा मारामागचा एकमेव हवासा परिणाम म्हणून नोंदवलाय. लोकांचा विश्वास तिथूनच येतो, डोळ्यांसमोर ‘उपाय’ लागू पडताना दिसतो म्हणून. पण ते मूल गप्प होतं ते मारणारा समोर असतो म्हणून. आपण खोलीत नसताना ते कसं वागेल हा वळणाचा प्रश्न आहे, आणि तिथे मार काही कामाचा नाही.

‘कडक पालकांचीच मुलं पुढे जातात, हे संशोधनाने सिद्ध झालंय.’

इथे मेसेज सरळ दिशाभूल करतो. पालकांच्या प्रकारांची ही मांडणी अमेरिकेतल्या बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांची, 1960 च्या दशकातली. शाळापूर्व वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील यांचं बारकाईने निरीक्षण करून त्यांनी तीन प्रकार मांडले. पहिले हुकूम सोडणारे: ‘मी सांगतो म्हणून’ हेच कारण, उलट प्रश्न चालत नाही. दुसरे कशालाच अडवत नाहीत. तिसरे नियम ठरवतात, ते पाळले जातील हे पाहतात, पण कारण सांगतात, मुलाचं ऐकून घेतात, मायाही दाखवतात. 1983 मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी माया किती आणि अपेक्षा किती या दोन मापांवर हीच मांडणी पुन्हा केली, तेव्हा चौथा प्रकार आला: माया नाही आणि लक्षही नाही, अशा पालकांचा.

बॉमरिंड यांना आत्मविश्वासाची, स्वतःला आवर घालू शकणारी मुलं सापडली ती तिसऱ्या गटात. मेसेजने बॉमरिंड यांचं नाव न घेता तिसऱ्या गटाचं श्रेय पहिल्या गटाला देऊन टाकलंय. हुकुमी घरांतली मुलं त्यांना उदास, बुजलेली, कुणावर विश्वास न टाकणारी दिसली होती.

मेसेजच्या बाजूने जेवढं आहे तेवढं सांगते. कशालाच ‘नाही’ न म्हणणाऱ्या घरांतली मुलंही त्यांना बरी आढळली नव्हती. स्वतःवर ताबा कमी, स्वतःच्या पायावर उभं राहणं कमी. मूल नाराज होईल म्हणून प्रत्येक हट्ट पुरवणारे पालक मीही पाहिलेत आणि तेही मुलाचं नुकसान करतात. आणखी एक: प्रेमळ घरातल्या एखाद्या सौम्य धपाट्याने कायमचं नुकसान होतं हे सिद्ध झालेलं नाही, असं खुद्द बॉमरिंड यांनी म्हटलं होतं आणि गर्शॉफ यांच्याशी त्यांचा यावर जाहीर वाद झाला. भाचीलाही मी हे सांगितलं, कारण त्या रात्री तिला ते ऐकायची गरज होती. पण ‘कायमचं नुकसान होईलच असं नाही’ हे एक, आणि ‘मारा, त्याने भलं होतं’ हे अगदी दुसरं. मेसेज दुसरं सांगतोय.

‘रडणारं बाळ उचलू नका.’

1928 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी आईबापांना असाच सल्ला दिला होता: मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. त्यानंतर माया आणि जवळीक यांवर जे काम झालं त्याने हा सल्ला मोडीत काढला. दोन महिन्यांच्या बाळाकडे रडण्याखेरीज दुसरी भाषा नसते. ते हट्ट करत नाही, हट्ट करण्याइतकं त्याला अजून कळतच नाही. उचला त्याला. मोठ्या बाळाला हळूहळू आपलं आपण झोपायची सवय लावणं हा वेगळा विषय आहे, त्याची यात सरमिसळ नको.

‘तोंडावर कौतुक करू नका.’

कोणतं कौतुक ते पाहा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ असं ऐकलेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि अपयश आल्यावर लवकर हार मानली. ‘मेहनत चांगली घेतलीस’ असं ऐकलेली मुलं टिकून राहिली. म्हणजे कौतुक जपून करा इतपत ठीक. ‘करूच नका’ कुठून आलं?

‘फोन रोज तपासा.’

स्वीडनमध्ये होकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी 14 वर्षांच्या 703 मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, 2000 साली. मुलाचं काय चाललंय हे ज्या पालकांना माहीत असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीपासून ठाऊक होतं. यांनी विचारलं, पालकांना ते कळतं कसं? पाळत ठेवून फारसं नाही. मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. लहान मुलांच्या हातातल्या फोनवर मर्यादा हव्यातच, पण सोळा वर्षांच्या मुलीचे मेसेज चोरून वाचणारा बाप तिचं आपणहून सांगणं बंद करून टाकतो.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’

तुमचं भलं झालं असेल तर ते कशामुळे झालं हे मारावरून ठरत नाही. त्याच घरात कुणीतरी जवळही घेतलं असेल, कुणी अभ्यासाला बसवलं असेल, एखाद्या शिक्षकांनी ओळखलं असेल. ज्यांचं बिघडलं ते असे मेसेज लिहीत नाहीत. आणि खाल्लेला मार लोकांना पन्नाशीतही आठवतो, पण कशासाठी खाल्ला हे विचारलं तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही. मग त्यातून शिकलो काय?

‘मूल बिघडलं तर आई कमी पडली.’

याचा मला सर्वांत जास्त राग आहे. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. काही बाळं पहिल्या महिन्यांपासूनच शांत, काही चिडकी आणि अनियमित, काही नव्या गोष्टीला बुजणारी, आणि हे सगळं आईने काही करायच्या आधीच. मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांचा मेळ बसतो की नाही यावर बरंच अवलंबून असतं, असं त्यांनी मांडलं. चेस यांनी तर 1964 मध्येच, मुलाच्या प्रत्येक तक्रारीचं खापर आईवर फोडायच्या आपल्याच व्यवसायातल्या सवयीवर जाहीर टीका केली होती. त्यात आनुवंशिकता, भावंडं, सोबती, शाळा हे आणखी वेगळं.

सहा मुद्द्यांत वडिलांचा उल्लेख एकदाच आहे, धाक कुणाचा हवा ते सांगताना. दोष द्यायच्या ओळीत फक्त आई आहे.