त्या दोघांना मारू नका

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीने मामा हे वाच म्हणून फोन हातात दिला, इंग्लिश गोष्ट होती. दोन गँगवाली घराणी, एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि दोन्हीकडची १७ वर्षांची पोरं एकमेकांच्या प्रेमात. दोघंही मुलगे. ताई म्हणाली, काय ते गुन्हेगारांचं कौतुक, आणि वर त्यात हे असलं. मी गप्प बसलो. ते चुकलं माझं, म्हणून आज लिहितोय.

मला त्यात बंदुकांपेक्षा घर जास्त दिसलं. गँगवाल्या घरात पोराला सगळ्यात आधी काय शिकवतात, तर घरातलं बाहेर बोलायचं नाही, कोण आलं, कोण गेलं, पैसे कुठून आले, काही नाही. आणि मी कळव्यात वाढलो, बाबा साधे नोकरदार, घरात कोणी शिवीसुद्धा द्यायचं नाही, पण १६व्या वर्षापासून मी हेच करत होतो फक्त उलट्या दिशेने, बाहेरचं घरात येऊ द्यायचं नाही. ज्या मुलावर जीव होता त्याचा नंबर मॅथ्स क्लास नावाने सेव्ह, मेसेज वाचला की लगेच डिलीट, जेवताना त्याचा विषय निघाला की वरणभातात डोकं घालून बसायचं. हे दमवतं हो. बापाला घाबरणं एक वेळ परवडतं, पण बाप चांगला आहे, प्रेम करतो, आणि तरी त्याच्यापासून लपवायचं, हे जास्त जड जातं.

आणि ताई, गुन्हेगार म्हणशील तर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ चा निकाल दिला, प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत म्हणून, तोपर्यंत कायद्याच्या नजरेत मीच गुन्हेगार होतो, १८६० चा कायदा, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. मी २९ वर्षांचा होतो त्या दिवशी. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो आणि तोंड धुवून परत जागेवर येऊन बसलो, कोणाला सांगणार.

त्या गोष्टीबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. शेवटी एक पोरगा गोळी खाऊन मरतो, मग दोन्ही बाप रडतात आणि वैर संपतं. का? दोन घरांना शहाणं करायला ह्यांच्यातल्याच एकाचा जीव का द्यायचा दरवेळी? १६ वर्षांचं कोणीतरी रात्री पांघरुणात फोन घेऊन हे वाचत असतं, त्याला यातून काय कळणार, की तुझं मरण तेवढं कामाला येईल.

ही गोष्ट आपल्याकडे घडवा ना कोणीतरी. एकाच्या बापाचा खाडीतल्या चोरट्या रेतीचा धंदा, दुसऱ्याच्या काकाचे पाण्याचे टँकर, दोघांची माणसं एकमेकांना हाणतायत. पोरं ठाणे-वाशी लोकलमध्ये वेगवेगळ्या डब्यात चढतात आणि ऐरोली आलं की एक जण डबा बदलतो. कोपरखैरणेपर्यंत शेजारी बसायचं, बॅगेखाली हातात हात. तेवढंच. आणि दोघंही जिवंत राहू देत, भांडू देत, बारावीला कमी मार्क पडू देत, म्हातारे होऊ देत.

हे सगळं मी काल भाचीला सांगितलं, ताई तिथेच भाजी निवडत बसली होती. काही बोलली नाही, पण उठून पण गेली नाही. भाचीने वही काढली आणि विचारलं, मामा, डबा बदलायचा तर रबाळेला बदलला तर चालेल का, तिथे गर्दी कमी असते.