परत गेलेल्यांचा हिशेब

१५ जानेवारी २०२६. लंडनमध्ये पहाटेचे सहा, नाशकात साडेअकरा. बाबांचा फोन आला : "अगं, काकाचं नाव सापडत नाहीये." महापालिकेचं मतदान चालू होतं. काकूचं नाव इंदिरानगरातल्या नेहमीच्या शाळेत, चुलतभावाचं भलत्याच केंद्रावर आणि काकाचं कुठेच नाही. बाहेर तीन पक्षांची टेबलं होती. तिथल्या पोरांनी मोबाइलवर आधी आडनाव, मग नाव, मग काकूच्या नावावरून, असं सगळं करून पाहिलं. आत गेल्यावर उत्तर मिळालं, "यादीत नाही तर आम्ही काय करणार, काका?" काका छत्री झटकावी तसा हात झटकून घरी आले.

ही निवडणूक जवळपास नऊ वर्षांनी आलेली. आधीची २०१७ची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली आणि प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे चाकं हलली. मधल्या काळात सिंहस्थाची कामं निघाली, तपोवनातल्या झाडतोडीवरून शहर पेटलं आणि जाब विचारायला एकही नगरसेवक नाही. इतकी वाट पाहिलेला माणूस दारातून परत फिरला.

बाबांनी मलाच फोन केला, कारण नातेवाइकांच्या लेखी मी "तिकडच्या निवडणूक आयोगात" आहे. अर्धंच खरं आहे ते. ब्रिटनचं इलेक्टोरल कमिशन २०००च्या कायद्याने जन्माला आलं, पण ते निवडणुका घेत नाही. त्या स्थानिक कौन्सिलचे अधिकारी घेतात. आमच्याकडे पक्षांची नोंदणी, देणग्यांचा हिशेब आणि निवडणूक कशी झाली याचा अहवाल. त्यात माझं खातं पब्लिक अफेअर्सचं. म्हणजे खासदारांची पत्रं, त्यांच्यासाठी टिपणं, समित्यांपुढच्या सुनावणीची तयारी. आई कुणाला सांगताना "पोस्टमनकीच, पण पार्लमेंटची" असं म्हणते. मला तरी याहून नेमकं सांगता आलेलं नाही. (इथे लिहितेय ते माझं मत, ऑफिसचं नाही. आणि विषय नाशिकचा आहे.)

घरच्या ग्रुपवर माझा उपयोग ईव्हीएमच्या एकाच वादात होतो : "बघा, इंग्लंडमध्ये अजून कागदावर मतदान!" हो, कागदावर, तेही पेन्सिलीने, आणि मोजणी रात्रभर हाताने. पण तिथे एका संसदीय मतदारसंघात साधारण ७० हजार मतदार असतात, नाशिक लोकसभेत २० लाखांवर. तुलना करायचीच असेल तर यंत्राची नको, दुसऱ्या एका गोष्टीची करा.

मे २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदाच फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. सरकारने कायदा केला, विरोधकांनी रान उठवलं. मात्र कायद्यातच एक तरतूद होती : ओळखपत्र नाही म्हणून कुणाला परत पाठवलं, आणि त्यातलं कोण पुन्हा आलं, हे केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी लिहून ठेवायचं. त्यावरून कमिशनने आकडा छापला. किमान १४ हजार माणसं परत गेली ती आलीच नाहीत. केंद्रावर आलेल्यांपैकी ०.२५ टक्के. सोबत हेही छापलं की हा आकडा कमी असणार, कारण काही ठिकाणी लोकांना दारातच सांगितलं गेलं आणि ते टेबलापर्यंत पोचलेच नाहीत.

अशा आकड्याबाबत माझ्या खात्याचं काम एका शब्दापुरतं असतं : "किमान". एका बाजूच्या खासदाराला ०.२५ म्हणजे काहीच नाही असं म्हणायचं असतं, दुसऱ्या बाजूच्याला लाखो म्हणायचं असतं. दोघांच्या टिपणांत "किमान" शाबूत ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे. पण मला ते आवडतं.

मग घरचे विचारतात, तुमच्या आयोगाला दात आहेत का? फारसे नाहीत. एका गुन्ह्याला जास्तीत जास्त २० हजार पौंड दंड, मोठ्या पक्षाला तो चहापाण्याचा खर्च. २०२५ मध्ये सरकारने नऊ ठिकाणच्या स्थानिक निवडणुका वर्षभर पुढे ढकलल्या आणि तो निर्णय मंत्र्यांचा होता, कमिशनचा नव्हे. मुख्य निवडणूक आयुक्त असतानाच्या शेषन यांच्या दराऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे मवाळच वाटणार. आमच्या आयोगाबद्दल संसदेत प्रश्न आला तर मात्र मंत्री उत्तर देत नाहीत. सभापतींच्या (स्पीकरच्या) समितीतला एक खासदार आयोगाच्या वतीने उठतो. दिल्लीत तोच प्रश्न कायदामंत्र्यांकडे जातो. मला हा फरक दंडाच्या रकमेपेक्षा मोठा वाटतो, कारण उत्तर कुणी द्यायचं यावरून काय मोजून ठेवायचं हे ठरतं.

आपल्याकडे मोजत नाहीत असं नाही. विधानसभा-लोकसभेला तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल, तर तुम्हाला प्रदत्त मत देता येतं आणि त्याची यादी १७-ब या नमुन्यात राहते. म्हणजे ज्याचं मत चोरलं त्याची ओळ आहे. ज्याचं नावच नाही, त्याची नाही. निवडणुकीआधी दुबार मतदारांवरून मोर्चे निघाले, यादीत जास्तीची नावं किती यावर महिनोन्महिने भांडण झालं. कमी किती, हे मतदानाच्या दिवशी केंद्रावर एका कागदात कळलं असतं. वेळ, पत्ता, नाव सापडलं की नाही, परत आला का. चार रकाने. महापालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून घेऊन प्रभागांत विभागली जाते, तेव्हा चूक मूळ यादीतली की विभागणीतली, हेही त्याच कागदावरून दिसलं असतं.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तो कागद भरायला अजून एक माणूस लागेल." लागेलच. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, प्रत्येक मतदाराला चार वेळा बटण दाबायचं, रांग आधीच दारापर्यंत. त्यांचं बरोबर आहे.

मग मी विचारलं, काका किती वाजता परत आले? बाबांनी काकूला हाक मारून विचारलं. सव्वाअकरा. "लिहून ठेवते," म्हटलं. काका मागून ओरडले, "मला आधी नाव कुठे गेलं ते सांग!"